कॅमेऱ्यात बघ

आईनं स्वतःला बोलताना पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हापुरात, मगदूम अण्णांच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती.

अण्णांनी हातात मावेल एवढा एक हँडीकॅम वायरीनं टीव्हीला जोडून काउंटरवर ठेवला होता. दुकानात येणारं गिऱ्हाईक आपसूक टीव्हीत दिसायचं, जरा लाजायचं, केसांवरून हात फिरवायचं आणि कामाला लागायचं. आई लाजली वगैरे नाही. टीव्हीसमोर उभी राहिली, पदर सारखा केला आणि टीव्हीतल्या बाईला म्हणाली, "काय गं, जेवलीस का?"

टीव्हीतल्या बाईनंही तिला तेच विचारलं.

म्हणाली म्हणजे हातांनी म्हणाली. आई जन्मापासून ठार बहिरी, त्यामुळे तोंडानं बोलणं आलंच नाही. गडहिंग्लजला आमच्या गल्लीत तिला मुकी शालन म्हणत. घरात मात्र तिच्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तिची भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. तिनं, तिच्या आईनं, पुढे बापूंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आणि आम्ही दोघा भावंडांनी मिळून ती घरातल्या घरात तयार केलेली. इथे मी तिचं बोलणं शब्दांत लिहितोय, पण त्यातला एकही शब्द कधी कुणाच्या कानावर पडलेला नाही. त्या भाषेचा नियम एकच होता. आई बोलायला लागली की तिच्याकडे बघायचं. जेवताना, अभ्यास करताना, अगदी भांडतानासुद्धा. भांडणात धाकटी वैजू रागानं मान फिरवायची, तेव्हा आई तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि उरलेलं भांडण पुरं करायची. आमच्या घरात मान फिरवणं म्हणजे कानात बोटं घालणं.

आरसा आईनं रोज पाहिला होता, पण आरशासमोर उभं राहून कोण बोलतं? बोलायला समोर माणूस लागतं. त्या दुकानात तिला समोर माणूस मिळालं. ती त्या बाईला काय काय सांगत सुटली. बस किती हलली, घाटात कुणाला उलटी झाली, पोरगा पैसे उधळायला निघालाय. मधेच ती हसायची, आणि हसताना तिच्या गळ्यातून मोठा आवाज यायचा. तो आवाज फक्त तिलाच ठाऊक नव्हता. दुकानातले दोघे-तिघे वळून बघायला लागले.

"उत्तमराव," अण्णा मला म्हणाले, "वहिनीस्नी पटला बघा. हाच घेऊन टाका."

उत्तम म्हणजे मी. गडहिंग्लजला माझा 'उत्तम फोटो' नावाचा स्टुडिओ होता, अजून आहे. पासपोर्ट, बारसं, लग्न, मयताच्या जुन्या फोटोवरून मोठा फोटो, सगळी कामं. मित्र म्हणायचे, नाव उत्तम, फोटो मध्यम. मी हसायचो, पण ते मला लागायचं.

कॅमेरा घ्यायला आम्ही आलो होतो ते वैजूसाठी. वैजू माझी धाकटी बहीण. नवरा फौजेत, जोधपूरला क्वार्टर मिळालेलं, आणि तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आईनं दुपटी शिवून घडी करून ठेवली होती. पण तिथल्या डॉक्टरनं प्रवासाला साफ नाही म्हटलं, अंथरुणावरून उठायचंसुद्धा नाही. आणि आईला तिकडे जाता येत नव्हतं, कारण बापूंना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना भरवणं, कूस बदलणं, सगळं आईच्या हातून. दुसऱ्या कुणाच्या हातून ते घासही घेत नसत. आज एका दिवसापुरतं शेजारच्या काकूंना बसवून आलो होतो, तरी आई सकाळपासून तीनदा म्हणाली होती, "चारच्या गाडीनं निघायचं."

फोन होता, पण आईला फोनचा काय उपयोग? वैजू रविवारी फोन करायची. ती बोलायची, मी हातांनी आईला सांगायचो. आई हातांनी बोलायची, मी तोंडानं वैजूला सांगायचो. दुभाष्या म्हणा ना. सुरुवातीला ते बरं चाललं. मग महिने चढत गेले तशी वैजू फोनवर अडखळायला लागली.

"दादा, आईला विचार की..." आणि गप्प.

"काय विचारू?"

"ऱ्हाऊ दे. तुला कसं सांगू मी?"

आईला काही लाज नव्हती. ती म्हणायची, "विचार म्हणावं काय ते. तू आकाशातनं पडलायस काय?" पण वैजूला माझ्या तोंडून ते नको होतं. एका रविवारी ती रडलीच. "दादा, मला आईला बघायचंय. बोलताना. तू सांगतोस ते सगळं बरोबर असतंय रे, पण ते तुझ्या आवाजात येतंय. मला भ्या वाटतंय हितं. आईचं बोलणं पाठव मला."

म्हणून व्हिडिओ. आईनं बोलायचं, आपण टिपायचं, डीव्हीडी करून जोधपूरला पाठवायची. आमच्या गल्लीतला कुंडलिक वैजूच्या नवऱ्याच्याच पलटणीत होता आणि सुट्टीवर आला होता. सुट्टी संपून माघारी जाणाऱ्या जवानाच्या ट्रंकेत अर्ध्या गल्लीची चटणी, भडंग आणि लोणचं जातं. त्यात एक डीव्हीडी काय जड होती?

आता खरं सांगायचं तर, आईला दाखवलेलं कारण हे होतं. माझ्या मनात दुसरा कॅमेरा होता.

तो अण्णांच्या काचेच्या कपाटात होता. काळा, जड, पुढची काच, म्हणजे लेन्स, बदलता येणारा, डिजिटल. त्या वर्षी असल्या फोटोच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओही यायला लागला होता. आमच्याच बाजारपेठेतल्या एका फोटोवाल्यानं तसा घेतला होता आणि त्याच्या अल्बममधल्या नवऱ्या सिनेमातल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. चेहरा लख्ख आणि मागचं सगळं विरघळलेलं, मांडव नाही, खुर्च्या नाहीत, पाहुणे नाहीत. त्या दिवाळीनंतर माझी चार लग्नं त्याच्याकडे गेली. मी रात्रंदिवस त्या विरघळलेल्या मांडवाचा विचार करत होतो.

"अण्णा, तो काढा जरा."

अण्णांनी काढला, माझ्या हातात दिला. काय वजन होतं!

"ह्यात दोन्ही होतंय," अण्णा म्हणाले. "फोटो बी, व्हिडिओ बी. व्हिडिओ एका दमात बारा मिनिटं, मग आपला आपण बंद पडतोय. पण उत्तमराव, घरातल्या माणसाचं चित्रण करायचं म्हणालासा न्हवं? मग तो हँडीकॅम बरा. समोर धरला की झालं, सगळी खोली दिसती. हे जनावर फोटोवाल्याचं हाय. ह्याला शिकवावं लागतं."

"मी फोटोवालाच आहे की."

"तेच म्हणतोय मी," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडून पन्नास एमएमची काचही मागून घेतली. सोबतची साधी काच होतीच, तिच्यात खोली मावायची. पण मागचं विरघळायचं ते पन्नासमध्ये. अण्णांच्या नोकराचा चेहरा टिपून बघितला. त्या बापड्याला आयुष्यात कुणी देखणं म्हटलं नसेल, पण त्या छोट्या पडद्यावर तो राजबिंडा दिसला. माझं ठरलं.

आईनं माझ्या दंडाला हात लावला. "हा नको?" हँडीकॅमकडे बोट.

"हा जास्त चांगला आहे. ह्यात तू अजून छान दिसशील."

"ह्यात मी टीव्हीत दिसत नाही."

"नंतर दिसशील. घरी गेल्यावर."

तिनं कॅमेरा हातात घेऊन तोलला, बाळाला तोलतात तसा. "वैजूसाठीच घेतोयस ना?"

"हो."

आईशी खोटं बोलणं अवघड होतं, कारण तिच्या डोळ्यांत बघूनच बोलावं लागायचं. मी बघितलं आणि बोललो. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घे. तुझ्या धंद्यालाही होईल." आणि जाता जाता टीव्हीतल्या बाईला हात करून "येते गं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत. कुंडलिकची गाडी संध्याकाळची होती. आमच्या सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, पूर्वेचं दार आहे. सकाळी आठ-साडेआठला तिथून असं मऊ ऊन येतं की पैसे देऊन मिळणार नाही. आईनं वैजूनं घेतलेली मोरपंखी साडी नेसली, नाकात मोरणी, कपाळावर कुंकू. मी तिला दाराकडे तोंड करून पाटावर बसवलं. बापूंची खाट बाजूलाच होती. त्यांना उशी लावून तिनं बसतं केलं होतं, म्हणजे त्यांनाही कळावं लेकीला काय सांगतेय ते.

मी स्टँडवर कॅमेरा चढवला, पन्नासची काच लावली आणि मागच्या पडद्यावर बघितलं.

काय सांगू? माझी आई इतकी सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं. कपाळावरच्या आठ्या, ओठांच्या कडेची ती बारीक रेघ, डोळ्यांत दाराचं ऊन, आणि मागची आमची पोपडे धरलेली भिंत विरघळून नुसता मातकट उजेड झालेली. मला वाटलं, हा फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला तर लोक रस्त्यात थांबतील.

"सगळं दिसतंय?" आईनं विचारलं.

मी पडद्यावरून नजर न काढता अंगठा दाखवला.

तिनं आधी डाव्या भुवईला बोट लावलं. भुवई म्हणजे वैजू. लहानपणी ती उंबऱ्यावर पडून तिथे खोक पडली होती, तेव्हापासून तिचं नाव ते. ते बोट, ती भुवई मला पडद्यावर अगदी स्वच्छ दिसली. मी मनात म्हटलं, झकास.

आई बोलायला लागली. मी त्या काचेशी झुंजत होतो. पन्नासच्या काचेत जरा पुढे झुकलं की डोळे पुसट होतात, जरा मागे गेलं की पुन्हा पुसट. आणि आई बोलताना गप्प बसते थोडीच? ती झुकायची, मागे व्हायची, मान हलवायची. माझं एक बोट काचेच्या कड्यावर आणि दोन्ही डोळे पडद्यावर. डोळे लख्ख ठेवायचे, डोळे लख्ख ठेवायचे, एवढंच चाललं होतं. मधे केव्हातरी तिची नजर कॅमेऱ्यावरून उचलली गेली, वर माझ्याकडे आली. फोटोत नजर चुकली की फोटो गेला. मी मान वर न करता हात हलवला आणि बोटानं काचेकडे खूण केली, कॅमेऱ्यात बघ. ती बघायला लागली.

अकरा मिनिटांनी ती थांबली. पदरानं डोळे पुसले आणि हसली. बापूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लकवा झालेल्या माणसाला रडू लवकर येतं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मी बापूंचे डोळे पुसले आणि स्टुडिओत पळालो.

कॉम्प्युटरवर पहिलं मिनिटभर चालवून बघितलं. डोळे लख्ख. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "आयला, उत्तम!" त्याला नाव म्हणायचं होतं की कौतुक, मी विचारलं नाही. डीव्हीडी केली, पाकिटावर 'आई' असं लिहिलं आणि कुंडलिकच्या ट्रंकेत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून आलो.

वैजूचा फोन पाचव्या दिवशी आला. रविवार नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "आईचे हात कुठायत?"

मला कळेना. "कुठायत म्हणजे?"

"हात दिसत न्हाईत रे. तोंड दिसतंय, गळा दिसतोय. भुवईला बोट लावती तेवढं दिसतंय, मग हात खाली जातायत ते कायमचे. अकरा मिनिटं नुसते खांदे हलतायत."

कॉम्प्युटर समोरच होता. मी फोन कानाला धरूनच फाईल उघडली आणि पुढे नेली. तीन मिनिटं, पाच मिनिटं, नऊ मिनिटं. माझी देखणी आई. छातीच्या वर चौकट कापलेली. तेविसाव्या वर्षापासून मी माणसांचे फोटो असेच काढत आलो होतो. हात आडवे आले की चेहऱ्याचा मान जातो, असं गिऱ्हाइकाला सांगून मी त्यांचे हात मांडीवर ठेवायला लावायचो. त्या भाषेत वाढलेला मी, आणि तिचं तोंड टिपून तिचं बोलणं बाहेर ठेवलं होतं.

"दादा, तू समोरच होतास न्हवं?" वैजूचा आवाज रडवेला झाला. "मग सांग की, काय म्हणाली ती? तूच सांग. मी न्हाई लाजत."

"वैजू..."

"सांग की."

"मी डोळे बघत होतो गं. डोळे लख्ख ठेवायचे असतात."

मग ती म्हणाली, "तुझ्यासमोर अकरा मिनिटं आई बोलली, आणि तू बघितलं न्हाईस?"

बायकांचं बोलणं, आपण कशाला बघा म्हणून बघितलं नाही, असं पुढे मी चार जणांना सांगितलं. ते खरं नव्हतं.

घरी गेलो. आई बापूंना भरवत होती. मी समोर बसलो आणि विचारलं, "त्या दिवशी वैजूला काय काय सांगितलंस?"

तिनं चमचा ताटलीत ठेवला. "तू होतास की समोर."

मी मान खाली घातली. आमच्या घरात ते करायचं नसतं. मग तिला सगळं कळलं. दुकानापासून सगळं. तिनं माझी हनुवटी धरून वर केली नाही. चमचा उचलला आणि बापूंना पुढचा घास दिला. बापूंनी मात्र तो घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी आईचे हात पाहिलेला घरातला एकच माणूस, आणि त्यांना वाचा नव्हती. त्यांचा डावा हात खाटेवरून थोडा उचलला गेला, हवेत थरथरला आणि पडला.

आठवड्यानं पुन्हा व्हिडिओ केला. साधी काच, मागे जाऊन, डोक्यापासून पायापर्यंत सगळी आई. आई ताठ बसली आणि म्हणाली, "भुवई, नीट राहा. पाणी उकळून पी. भिऊ नको. आम्ही बरे आहोत." झालं. पोस्टकार्डावर मावेल एवढं. मी म्हटलं, "अजून बोल की." ती म्हणाली, "बोलून झालंय."

ती डीव्हीडी कुरियरनं गेली. वैजूचा फोन आला. "बघितलं. हात दिसले. पण दादा, ही आई बोलत न्हाई. फोटो काढायला बसल्यागत बसलीय."

वैजूला मुलगी झाली, दोघी सुखरूप. पाचव्या महिन्यात ती पोरीला घेऊन आली. तीन दिवस मायलेकी चुलीपुढे बसून होत्या, पोर मांडीवर आणि हात चाललेले. मी सोप्यातून बघायचो, मधे जायचा धीर व्हायचा नाही. चौथ्या दिवशी वैजू स्टुडिओत आली.

"मला सगळं मिळालं दादा. त्या अकरा मिनिटांतलं एक न एक. तुझ्यावर माझा राग न्हाई." मग म्हणाली, "पण सातव्या मिनिटाला ती वर बघती बघ. कानाची पाळी धरती."

मला ठाऊक होतं. कानाची पाळी म्हणजे मी. लहानपणी माझ्या उजव्या कानात बाळी होती. म्हणजे त्या क्षणी ती वैजूशी बोलत नव्हती.

"काय म्हणत होती ती मला?"

"मी विचारलं तिला. 'ते राहिलं' म्हणाली."

मग एकदा मीही विचारलं. आईनं तळहातानं हवा पुसली, पाटी पुसतात तशी, आणि मला जेवायला बसवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखी चेष्टा करायची, माझ्या टकलावर हात फिरवायची, माझं लग्न झालं तेव्हा सगळ्या वरातीपुढे नाचली. पण मी कॅमेरा हातात घेतला की ती बोलणं थांबवायची. हात मांडीवर ठेवायची आणि काचेकडे बघायची, शहाण्या गिऱ्हाइकासारखी. तिचे शेकडो फोटो आहेत माझ्याकडे. सगळे सुंदर आहेत.

बापू त्याच वर्षी गेले. आई गेली त्याला आता पाच वर्षं झाली. वैजूची पोर आता शाळेतून व्हिडिओ कॉल करते, घरोघरी तेच चालतं. पण त्या भाषेत बोलणारी आता आम्ही दोघंच उरलो, आणि आमच्यातल्या कुणालाच दुसऱ्याशी त्या भाषेत बोलायची गरज पडत नाही. मला कधीकधी इतकी आठवण येते की दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हात हलवून बघतो, येतंय का अजून.

तसंच एकदा बसलो होतो. सातवं मिनिट लावलं. ती कान धरते, वर बघते, हात चौकटीखाली जातो आणि खांदे हलतात. मी कॉम्प्युटर गिऱ्हाइकांच्या आरशाशेजारी सरकवला. आरशात माझे खांदे, पडद्यावर तिचे. म्हटलं, एकेक शब्द करून बघू, कुठल्या शब्दाला खांदे असे हलतात. 'जेव' करून बघितलं. नाही. 'लग्न कर' नाही. 'घर सांभाळ' करताना दोन्ही खांदे उचलले जातात, तिचा एकच उचलला गेला होता. 'शाबास' नाही. 'रागावले' नाही. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. पासपोर्टला आलेलं गिऱ्हाईक दारात थांबायचं आणि मी आरशासमोर हातवारे करताना बघून बावचळायचं. बायको म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना कळतंय कुठे?"

शेवटी मला तो शब्द तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीनं दाखवला. खांदा हलला की पोतीचे मणी उडत होते. दोनदा उडायचे, थांबायचे, पुन्हा दोनदा. नुसता खांदा हलला तर मणी असे उडत नाहीत. छातीवर काहीतरी आपटावं लागतं. मी माझा तळवा छातीवर दोनदा आपटला आणि आरशात बघितलं. तोच खांदा, तेवढाच.

आमच्या घरात छातीवर तळवा दोनदा आपटणं म्हणजे 'इकडे बघ'. बाळाला पहिल्यांदा शिकवतात तो शब्द. ती मला अजून काहीच सांगत नव्हती. आधी नाव घेतलं, मग इकडे बघ म्हणाली, थांबली, पुन्हा म्हणाली, आणि मी वर बघायची वाट बघत राहिली. जे सांगायचं होतं ते तिनं सुरूच केलं नाही, कारण न बघणाऱ्या माणसाशी ती कधी बोलली नव्हती.

मी व्हिडिओ मागे नेला. तिनं कान धरला, मणी उडाले. मी स्टुडिओत एकटा उभा राहिलो आणि तिला हातांनी म्हटलं, "बघतोय आई, बोल." तिनं नजर खाली घेतली, काचेकडे. मी पुन्हा मागे नेलं. ह्या वेळी तिचा हात कानाकडे जायच्या आधीच म्हटलं, "बघतोय, बोल." तिनं कान धरला, मणी दोनदा उडाले, पुन्हा दोनदा उडाले, आणि मग बरोबर त्याच क्षणाला तिनं नजर खाली घेतली. मीच सांगितलं होतं तसं.